पाणी रिपोर्टमध्ये चांगलं, मग खाडीतल्या तिसऱ्या गेल्या कुठे?

खाडीकर

नमस्कार मंडळी, पोस्ट थोडी लांबलीय, सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, गावातलेच काही जण इथे वाचतात आणि वाळूचा विषय निघाला की भांडणं सुरू होतात. मुखातून थोडं आत आलं की खाडीच्या मधोमध एक वाळूचा पट्टा होता, सुकतीला (पूर्ण ओहोटीला) उघडा पडायचा, उधाणाच्या दिवसांत तर चांगला लांबवर. बायका होडीने जायच्या आणि भरती लागायच्या आत टोपल्या भरून तिसऱ्या (वाळूतले खायचे शिंपले) आणायच्या, घरात खाऊन उरल्या की बाजारात. आता पट्टा जागेवर आहे पण वर नुसता चिखल, पाय घोट्याच्या वर रुततो, तिसऱ्या जवळजवळ नाहीतच. मुळे, म्हणजे शिंपल्यांचाच दुसरा प्रकार, थोडेफार वरच्या अंगाला मिळतात. गंमत म्हणजे कालवं (ऑयस्टर) मात्र जेटीच्या खांबांवर पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, म्हणजे खाडी अगदीच मेली असंही म्हणता येत नाही.

मधल्या काळात काय काय झालं ते सांगतो. पूल झाला, त्याच्या दोन्ही बाजूंना खाडीत बराच आतपर्यंत मातीचा भराव आहे आणि मधे खांब. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला खारलँडचा जुना दगडमातीचा बांध पडायला आला होता तो नवा पक्का बांधला, उघाड्या (पाण्याची दारं) बसवल्या, आणि वरच्या बाजूचं एक खाजण (भरतीचं पाणी पसरायची सखल जागा) त्यात आत गेलं. वाळू आधी हातपाटीने निघायची, डुबी मारून, नंतर सक्शन पंप आले, रात्रीचे पण चालायचे. आणि एक जेटी.

गावात सगळ्यांचं एकच, केमिकल सोडतात म्हणून. पण आमच्या खाडीवर केमिकलचा कारखानाच नाहीये! जवळच्या कॉलेजच्या पोरांनी पाण्याचं सॅम्पल घेऊन तपासलं तर पीएच, ऑक्सिजन वगैरे सगळं ठीकठाक. मग तिसऱ्यांना झालं काय? विचारायचं कारण, आता जेटीसाठी चॅनल खोल करायचं घाटतंय आणि ग्रामसभेत विषय येणार आहे. विरोधच करायचा असं काही ठरवलेलं नाही, होडीवाल्यांची पण अडचण खरी आहे, सुकतीला बोटी अडकतात. पण उठून विचारायचं काय तेच कळत नाहीये.

तळगाळ

खाडीकरदादा, अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. मी एमएस्सीला खाडीच्या तळातल्या प्राण्यांवर काम केलंय, आता नोकरी भलतीच आहे पण चिखल बघितला की अजून हात शिवशिवतात.

आधी तो पाण्याचा रिपोर्ट बाजूला ठेवा. जेटीवरून बाटली बुडवली, वरचं पाणी घेतलं, ते पाणी सहा तासांनी तिथे नसतंच, ओहोटीबरोबर गेलेलं असतं. तिसरी कुठे जाणार? ती पायाने थोडीफार सरकते, वाळूत खाली-वर होते, एवढंच. तिचं सगळं आयुष्य त्या दोन-चार इंच वाळूवर अवलंबून असतं. त्यामुळे पाणी कसं आहे याच्या आधी तळ कसा आहे हे विचारायचं. कणाचा आकार, चिखलाचं प्रमाण, त्यात कुजणारा पदार्थ किती, खारेपणा वर्षभरात किती खालीवर होतो आणि तळाशी पाण्याचा वेग किती. केमिकल न सोडताही या सगळ्या गोष्टी माणूस बदलू शकतो आणि तुमच्या खाडीत नेमकं तेच झालेलं दिसतंय.

आता एकेक. तिसरी ही गाळून खाणारी, नळीने पाणी आत घेते, कल्ल्यांवर बारीक शेवाळं अडकवते आणि पाणी बाहेर टाकते. पाण्यात गाळ वाढला की तिला गाळ वेगळा करून बाहेर टाकण्यातच ताकद घालवावी लागते, वाढ खुंटते. मोठी तिसरी तरी कसंबसं निभावते पण नुकती तळाला बसलेली मोहरीएवढी पिल्लं वर दोन बोटं चिखल आला की संपली. आणि ही पिल्लं येतात कुठून, तर पावसाळा संपल्यावर आई-बाप तिसऱ्या पाण्यात अंडी-शुक्राणू सोडतात, अळ्या दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात आणि मग योग्य तळ मिळाला तर बसतात. वाळू शोधत आलेल्या अळीला मऊ चिखल मिळाला की विषय संपला, मग पाणी कितीही स्वच्छ असो.

सक्शन पंपाचं बघा. हातपाटीने वाळू काढतानाही तळ उकरला जातोच, पण पंप वाळूबरोबर त्यातले सगळे प्राणी ओढून घेतो, आणि मागे जे खड्डे राहतात ते जास्त वाईट. खड्ड्यात पाणी हलत नाही, बारीक गाळ आणि कुजका पाला येऊन बसतो, ऑक्सिजन संपतो, तळ काळा पडतो. त्यात काठी घालून बघा, सडक्या अंड्याचा वास येईल, तो हायड्रोजन सल्फाइड. अशा जागी सगळ्यात आधी येतात ते बारीक लाल किडे, कॅपिटेला नावाचा एक प्रकार तर त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. इथेच लोक फसतात, कारण असल्या चिखलाचं सॅम्पल मोजलं तर प्राण्यांची *संख्या* आधीपेक्षा जास्त भरू शकते, जाती मात्र दहाच्या दोन होतात. रिपोर्टात एक चौरस मीटरला एवढे हजार प्राणी असा आकडा बघून कुणी खूश झालं तर त्याला विचारा, किती जातींचे?

आणि तळात बिळं करणारे हे किडे, शिंपले, खेकडे नुसते राहत नाहीत, चिखल उलथापालथ करतात, बिळांमधून ऑक्सिजन खाली पोचवतात. ते गेले की चिखल घट्ट आणि काळा होत जातो आणि परत यायला अजून अवघड. जेवढा बिघडला तेवढा जास्त बिघडतो.

कालवं वाढली त्याचं कारण सोपं आहे, त्यांना चिकटायला कडक जागा लागते. आधी खडक होते तेवढेच, आता काँक्रीटचे खांब आले. म्हणून खाडी मेली नाही हे तुमचं बरोबर, पण वाळूतले भाडेकरू गेले आणि खांबावरचे आले.

पुलाचं आणि बांधाचं नंतर लिहितो, मीटिंग आहे.

अर्धवट_पुणेकर

एवढं सगळं ठीक आहे पण सरळ कारण सोडून देताय असं वाटतं. टोपल्या भरून तिसऱ्या काढत होते म्हणताय, लहानमोठ्या सगळ्या काढल्या तर संपणारच ना? प्रत्येक वेळी दोष पुलाला आणि पंपाला. जरा काढणाऱ्यांकडे पण बघा. आणि समुद्र गरम होतोय ते वेगळंच.

तळगाळ

पुणेकर, मुद्दा चुकीचा नाही, जास्त काढल्याने साठे संपल्याची उदाहरणं आहेत. पण नुसतं जास्त काढल्याने वाळूचा चिखल होत नाही. तिथे आज एकही बाई जात नाही आणि तरी तिसरी परत येत नाहीये, याचा अर्थ बसायला जागाच राहिली नाही.

खाडीकर

पुणेकर दादा, आमच्याकडच्या बाया बारीक तिसऱ्या परत टाकायच्या, फुकटची दया म्हणून नाही, त्यात मासच नसतं म्हणून 😄

कोळीवाड्याचा_बाल्या

ठाणे खाडीवरचा आहे. आमच्याकडे तर सगळंच झालं, सांडपाणी, भराव, पूल. वाशीचा पहिला पूल ७३चा, मग रेल्वेचा, मग दुसरा, ऐरोलीचा, आता आणखी. प्रत्येक पुलाचे खांब, त्यात काम करताना टाकलेला भराव कधी पूर्ण काढला कधी नाही, पाण्याचा जोर कमी झाला आणि गाळ बसत गेला. आमचे म्हातारे सांगतात जिथे शिवल्या (शिंपले) काढायचे, तिथे आता तिवरं (खारफुटी) उगवली आहेत. लोकांना वाटतं तिवरं वाढली म्हणजे निसर्ग वाढला, अरे पण ज्या उघड्या चिखलावर आमचा धंदा होता तोच गेला ना. तिवर वाईट नाही, पण तिथे शिवली नाही मिळत, चिंबोरी मिळेल, निवटी मिळेल.

दुसरं, फ्लेमिंगो. २०१५ला अभयारण्य झालं, २०२२ला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, चांगलंच आहे, पण टीव्हीवाले येऊन म्हणतात पक्षी आले म्हणजे खाडी सुधारली. लहान आणि मोठा फ्लेमिंगो या दोन वेगळ्या जाती. लहान फ्लेमिंगो खातो शेवाळ, आणि शेवाळ वाढतं आमच्या सगळ्यांच्या संडासाच्या पाण्यावर. मोठा फ्लेमिंगो चिखलातले किडे, बारीक कोळंबी खातो. थवा कसला आहे ते तरी बघून मग बोला.

झुआरीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे चिखली गावच्या खाडीत झुआरीच्या मुखाजवळ त्या चपट्या पारदर्शक शिंपल्यांची वस्ती आहे, ज्यांची शिंपलं पूर्वी पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे. वन्यजीव कायद्याखाली संरक्षित जात आहे ती, आणि चिखलावर आडवी पडून राहते, जाडी म्हणाल तर बिस्किटाएवढी पण नाही, त्यामुळे वर गाळ बसला की तिला पळायला वाव नाही. तिथे मरिना वगैरे बांधायच्या योजना आल्या तेव्हा गावातल्या लोकांनी विरोध केला त्यात हे शिंपले मोठा मुद्दा होते.

मांडवी-झुआरीत खाणीची बार्ज चालायची तेव्हाचं दृश्य आठवतं, उथळ पाण्यात भरलेली बार्ज गेली की मागे लाल पाणी. थोडं खनिज पडायचं, थोडा गाळ पंख्याने ढवळून निघायचा. २०१२ला कोर्टाने खाणी थांबवल्यावर वाहतूक एकदम उतरली. एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आमच्या दारातच असल्यामुळे या दोन नद्यांच्या तळाचा अभ्यास सत्तरच्या दशकापासून चालू आहे आणि त्यातली एक गोष्ट खाडीकरांना उपयोगी पडेल असं वाटतं. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांमध्ये पावसाळ्यात पाणी इतकं गोडं होतं की तळावरचे खूप प्राणी दरवर्षी मरतात किंवा हटतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून परत वस्ती भरते. म्हणजे जूनच्या आधी मोजलं आणि ऑगस्टमध्ये मोजलं तर दोन वेगळ्या खाड्या वाटतील. कुठल्याही कंपनीचा एकाच सीझनचा रिपोर्ट दाखवला तर आधी महिना विचारा.

सपाट_देशातून

मी हॉलंडमध्ये, झीलंडच्या जवळ राहतो, नोकरीचा आणि पाण्याचा काही संबंध नाही पण इथे राहिलं की धरण-बंधाऱ्यांबद्दल आपोआप कळतं, शेजारी पण त्याच गप्पा मारतात. तुमच्या पुलाच्या आणि बांधाच्या प्रश्नाला इथलं उदाहरण अगदी चपखल आहे म्हणून लिहितोय.

१९५३च्या फेब्रुवारीत इथे समुद्र आत घुसला, १८३६ माणसं गेली. त्यानंतर सरकारने ठरवलं की नैऋत्येकडच्या बहुतेक खाड्यांची तोंडं बंद करायची. एकेक करून बंद केली. त्यातली ग्रेव्हेलिंगेन नावाची १९७१ला बंद झाली, भरती-ओहोटी संपली आणि खाडीचं एकदम तळं झालं. भरतीवर जगणारे शिंपले गेले, नंतर खारं पाणी थोडं यावं म्हणून १९७८ला धरणात एक दार ठेवलं तरी खोल भागात उन्हाळ्यात ऑक्सिजन संपायचा प्रश्न अजून आहे.

शेवटी राहिली सगळ्यात मोठी, ओस्टरस्खेल्ड. तिथे कालवं आणि शिंपल्यांचा जुना धंदा, येर्सेके गावचे मच्छीमार, त्यांच्या बाजूने पर्यावरणवाले, सगळे मिळून भांडले आणि १९७६ला संसदेने ठरवलं की भिंत नको, दारं असलेला बांध करू, एरवी उघडा, फक्त वादळात बंद. खर्च खूप वाढला. १९८६ला उद्घाटन झालं, ६२ लोखंडी दारं आहेत, बघायला जबरदस्त, आपल्याकडचे पाहुणे आले की मी तिथेच नेतो.

पण मुद्दा पुढे आहे. दारं उघडी असली तरी मधल्या खांबांमुळे पाण्याची वाट अरुंद झाली. आत-बाहेर जाणारं पाणी बरंच कमी झालं, आतल्या प्रवाहाचा जोर घटला. आधी काय व्हायचं, वादळात वाळूच्या पट्ट्यांवरची वाळू खाली चॅनलमध्ये जायची आणि शांत दिवसांत भरतीचा प्रवाह ती परत वर आणून ठेवायचा. आता वादळ काम करतं पण प्रवाहात परत आणायची ताकद नाही. त्यामुळे पट्टे दरवर्षी झिजतायत, डच लोक त्याला वाळूची भूक म्हणतात. सुकतीला उघडा राहणारा वेळ कमी, त्यात राहणारे किडे-शिंपले कमी, ते खाणारे पक्षी कमी. मग आता सरकार बोटीने वाळू आणून पट्ट्यांवर ओततं, २००८ला एका पट्ट्यावर प्रयोग केला, नंतर रॉग्गनप्लाट नावाच्या मोठ्या पट्ट्यावर २०१९-२०ला. ओतली की खालचे प्राणी गाडले जातात, काही वर्षांत परत येतात. म्हणजे एकदा बांधलं की कायमचा खर्च मागे लागला.

लक्षात घ्या, तिथे कुणी काही केमिकल सोडलं नव्हतं. फक्त पाण्याची वाट थोडी अरुंद केली. आणि तुमच्याकडे उलटं झालेलं दिसतंय, इकडे वाळू झिजली, तुमच्याकडे चिखल बसला, पण मूळ कारण तेच, प्रवाहाचा जोर.

(अवांतर: १९६३च्या थंडीत इथली देशी कालवं मेली म्हणून धंदेवाल्यांनी १९६४ला जपानी कालवं आणली, इथल्या गार पाण्यात ती अंडी घालणार नाहीत अशी खात्री होती. सत्तरच्या दशकात दोन उन्हाळे कडक पडले आणि आता सगळीकडे त्यांचेच खडक आहेत, अनवाणी चालायची सोय नाही.)

तळगाळ

वा, सपाटराव, माझं टायपिंग वाचवलंत. खाडीकर, आता हेच तुमच्या बांधाला लावा. पूर्वी भरतीचं पाणी वरच्या खाजणात पसरायचं आणि ओहोटीला ते सगळं पाणी जोराने मुखाकडे परत यायचं, वाटेत चॅनल धुऊन काढायचं. तुमचा वाळूचा पट्टा वाळूचा होता तो या धुण्यामुळेच, बारीक चिखल तिथे टिकायचाच नाही. खाजण बांधाच्या आत गेलं, म्हणजे तेवढं पाणी खाडीत शिरायचंच बंद झालं, म्हणजे ओहोटीचा जोर कमी, म्हणजे चिखल बसणार. शिवाय पुलाच्या भरावाने रुंदी कमी केली, भरावाच्या आडोशाला पाणी शांत. खांबांच्या बुडाशी मात्र उलट खड्डा पडलेला असेल, तिथे पाणी वेगाने जातं. आणि आता बोटी अडकतात म्हणून चॅनल खोल करायचंय! ज्या कारणाने गाळ बसतोय ते तसंच ठेवून खोदलं तर परत भरणार, दर दोन-तीन वर्षांनी खोदा, आणि दर वेळी तळावरचं सगळं पुन्हा शून्यापासून.

खाडीकर

बाप रे. म्हणजे बोटी अडकतात त्याचं आणि तिसऱ्या गेल्या त्याचं कारण एकच असू शकतं? हे ग्रामसभेत सांगितलं तर होडीवाले पण ऐकतील. पण बांध तोडा असं तर कुणी म्हणू शकत नाही, आतमध्ये लोकांची भातशेती आहे, बांधाला खांड पडली की पीक जातं, माझ्या काकांचीच जमीन आहे.

झुआरीकाठ

बांध तोडायची गरज नसते हो. आमच्या खाजनांमध्ये मानस असतो, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचा लाकडी दारांचा दरवाजा, पावसाळ्यात भात आणि नंतर थोडं खारं पाणी आत घेऊन आतल्या पोंयीत (तळ्यात) मासळी, कोळंबी, कुर्ल्या. ते पाणी कधी घ्यायचं, किती घ्यायचं हे गावकरी ठरवायचे. सगळं आदर्श होतं असं नाही, भांडणं तिथे पण, मासळीच्या लिलावासाठी दार जास्त वेळ उघडं ठेवलं म्हणून शेतकरी ओरडतात. पण जानेवारी ते मे शेत रिकामं असताना उघाडी एकदम घट्ट बंद ठेवायची गरज आहे का, एवढं तरी विचारता येईल.

आलप्पी_रिटर्न

हाच वाद मी केरळमध्ये नोकरीला असताना रोज ऐकलाय. वेंबनाड तलावावर तण्णीरमुक्कम बांध आहे, १९७६पासून वापरात. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, उन्हाळी भाताला खारं पाणी लागू नये म्हणून डिसेंबरच्या सुमाराला दारं बंद करतात आणि भात निघाल्यावर उघडतात, कापणी लांबली की दारं पण उशिरा उघडतात आणि मच्छीमार रस्त्यावर येतात.

तिथे काळ्या शिंपल्या, तिकडे कक्का म्हणतात, हजारो कुटुंबं त्यावर जगतात, मास विकायचं आणि शिंपलं चुन्याला, सिमेंटला. ही जात कमी खाऱ्या पाण्यातली आहे, पण अगदी गोड्या पाण्यात ती जगली तरी तिचं प्रजनन नीट होत नाही, थोडा तरी खारेपणा लागतो. बांधाच्या दक्षिणेला तोच मिळेनासा झाला, साठा घसरला, उत्तरेला मात्र अजून मिळते. एकच तलाव, मधे एक बांध, आणि दोन बाजूंना दोन गोष्टी, यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार. मोठ्या कोळंबीचं पण तसंच, ती अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जाते आणि पिल्लं परत वर येतात, मधे दार बंद. सीएमएफआरआयने (केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था) बारीक कक्का एका जागेवरून उचलून दुसरीकडे पेरायचे प्रयोग केले, त्यातून काही ठिकाणी चांगलं उत्पन्न पण आलं. पण पेरायची जागा नीट बघून घ्यावी लागते, चिखलात पेरून उपयोग नाही.

आणि खाडीकर, तुमच्या तिसरीचीच जात कोल्लमच्या अष्टमुडी खाडीत आहे. तिथे काढणाऱ्यांनी जाळीचा आकार, प्रजननाच्या महिन्यांत बंदी असे नियम पाळले आणि २०१४ला टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतातली पहिलीच मासेमारी. म्हणजे अर्धवट_पुणेकरांचा मुद्दा त्यांनी सोडवला होता. मग आला मायटेला नावाचा दक्षिण अमेरिकेतला शिंपला, बहुतेक जहाजांबरोबर, आणि त्याने तळावर गालिचा पसरावा तशी वस्ती केली. नियम पाळूनही धोका बाहेरून येऊ शकतो. तुमच्या जेटीच्या खांबांवरची नक्की कालवंच आहेत ना, एकदा नीट बघा. काळे, बोटाच्या पेराएवढे, धाग्यांनी चिकटलेले झुबके असतील तर ते वेगळं प्रकरण आहे.

खाडीकर

कालवंच आहेत, आई फोडून बघते 😄 पण झुबके शोधतो.

वाशिष्ठीवाला

सगळे बंधाऱ्यांवर बोलताय, मी धरणावर बोलतो. कोयनेचं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या अलीकडे आमच्या वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत परवानगी आहे. म्हणजे कोकणातली इतर नदी एप्रिलमध्ये कोरडी पडते आणि खाडी वरपर्यंत खारी होते, तेव्हा आमच्या चिपळूणला नदी वाहत असते, आणि खाऱ्या-गोड्याची हद्द दाभोळच्या दिशेने खाली ढकललेली असते. कुंडलिकेत पण तसंच, मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरतं, कोलाडला राफ्टिंग त्याच्यावरच चालतं. सकाळी पाणी सोडलं, दुपारी बंद केलं, असं रोजचं. माणसाला पाणी मिळालं चांगलं झालं, पण तळावर बसलेल्या जीवाला खारेपणा वर्षभर कसा बदलतो तेच महत्त्वाचं असेल तर साठ वर्षांपूर्वीच आमच्या खाडीचा हिशोब बदललाय. खाडीकर, तुमच्या नदीवर वरती नवीन काही धरण-बंधारा झालाय का ते पण बघा, गोडं पाणी वाढलं की घटलं. आणि धरण झालं की वाळू पण वरच अडकते हे विसरू नका.

खाडीकर

लघुपाटबंधारेचं एक झालंय वर, खरंय, डोक्यातच आलं नव्हतं. वाळू वरून येणं कमी झालं आणि खालून पंपाने काढली, दोन्हीकडून.

तर तळगाळ, सरळ सांगा, ग्रामसभेत काय विचारू? आणि आम्ही स्वतः काही मोजू शकतो का, कॉलेजची पोरं तयार आहेत.

तळगाळ

विचारायचं ते असं. खोल करताना निघालेला गाळ कुठे टाकणार, हे सगळ्यात आधी, कारण बऱ्याचदा तो शेजारच्याच पट्ट्यावर किंवा खाजणात टाकतात आणि खोदलेल्या जागेपेक्षा टाकलेल्या जागेचं नुकसान जास्त होतं. काम कुठल्या महिन्यात करणार? ऑक्टोबर ते जानेवारी पिल्लं बसायचा काळ, तेव्हा नको म्हणा. खोदल्यावर किती वर्षांत परत भरेल याचा काही हिशोब केलाय का, आणि केला असेल तर त्यात बांधाच्या आत गेलेलं खाजण धरलंय का. पुलाच्या भरावात मोऱ्या टाकून पाण्याला आणखी वाट देता येईल का. पर्यावरणाच्या रिपोर्टात तळातल्या प्राण्यांचं सॅम्पल असेल तर किती ठिकाणी, कुठल्या महिन्यात, किती जाती. मुखाजवळ अजून जिवंत तिसऱ्यांचा एखादा पट्टा असेल तर तो कुणी नकाशावर दाखवलाय का, कारण दर पावसाळ्यानंतर वरच्या भागाला बी तिथूनच मिळणार, तो गेला तर मग बाकी काही सुधारून फायदा नाही. होडीवाल्यांना विश्वासात घेऊन तो पट्टा तरी चॅनलच्या आराखड्यातून वगळून घ्या.

मोजायचं म्हणाल तर अगदी शक्य आहे, बोट आणि महागडं ग्रॅब (तळाचा चिखल उचलायचं यंत्र) नसलं तरी चालेल कारण तुमचा पट्टा उघडा पडतो. सहा इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, सुकतीला चिखलात दाबा, आतला गोळा काढा. अर्धा मिलिमीटरची चाळण लागते, धान्याची नाही चालत, लॅब सप्लायवाल्याकडे मिळते. खाडीच्याच पाण्याने चाळा, वर उरतं ते बरणीत. कॉलेजात फॉर्मालिन असेलच, पोरांना हातमोजे घालायला सांगा, तो प्रकार डोळ्यांना वाईट असतो. रोज बेंगाल नावाचा रंग टाकला की नमुना घेताना जिवंत असलेले प्राणी गुलाबी होतात आणि कचऱ्यातून पटकन वेगळे दिसतात. जात ओळखता नाही आली तरी किडे, शिंपले, गोगलगाई, खेकडे असे गट केले तरी पुष्कळ कळतं. एकाच जागी एक पाइप दाबून थांबू नका, चार-पाच तरी घ्या कारण एक हात अंतरावर पण फरक असतो.

त्याच चिखलाचा मूठभर नमुना वेगळा वाळवून ठेवा, कणाच्या आकारासाठी. घाई असेल तर काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवा, वाळू लगेच बसते, चिखल तासन्‌तास तरंगत राहतो, किती थर ते पट्टीने मोजता येईल.

पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, पुलाच्या नदीकडच्या बाजूला, आणि जिथे काहीच होणार नाही अशी एखादी जागा, शेजारच्या खाडीतली असली तरी चालेल, अशा तीन ठिकाणी खोदकामाच्या आधी घ्या आणि नंतर त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी परत. आधीचं नसेल तर नंतर कितीही मोजलं तरी कुणी ऐकणार नाही, पावसामुळे झालं म्हणतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. ती तिसरी जागा त्यासाठीच.

खाडीकर

पाइप घरात पडलाय, चाळण मागवतो. शेजारच्या खाडीत मामाचं गाव आहे, तिथे बांध अजून जुनाच आहे. येत्या अमावस्येला चांगली सुकती आहे, तेव्हा पहिलं सॅम्पल घेतो. फोटो टाकले तर किडे ओळखून द्याल का?

तळगाळ

टाका की. शेजारी पट्टी ठेवून काढा फक्त, नाहीतर किती मोठा ते कळत नाही.